लांबलेला अतिसार: जंतुसंसर्ग की दीर्घकालीन आंत्रदाह?

अतिसार निवृत्त झाल्यावरही अग्नी मंद असताना रुग्णाने अहितकर आहार घेतला, तर अग्नी अधिक बिघडून ग्रहणी दुष्ट होते, असा क्रम सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ४० व्या अध्यायात सांगितला आहे. तात्कालिक विकारातून दीर्घकालीन विकार उद्भवतो, हे निरीक्षण वैद्यवर्गास नवे नाही. मात्र ग्रहणी म्हणजेच अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज, असे सरळ समीकरण मांडणे उचित नाही. प्रत्यक्ष चिकित्सेतील प्रश्न असा, की लांबलेला अतिसार जंतुसंसर्गाचाच समजून किती दिवस औषध देत राहावे?

संशोधन काय सांगते?

डेन्मार्कमध्ये १९९१ ते २००३ या काळात साल्मोनेला वा कॅम्पिलोबॅक्टर जंतूंचा संसर्ग झालेल्या १३,००० हून अधिक व्यक्तींची तुलना इतरांशी करण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संसर्ग झालेल्यांपैकी १.२ टक्के व्यक्तींना पुढे आंत्रदाह जडला. इतरांत हे प्रमाण ०.५ टक्के होते. तथापि २०११ साली त्याच देशातील दुसऱ्या अभ्यासात, मलपरीक्षणात जंतू न सापडलेल्यांतही पुढे आंत्रदाहाचे निदान अधिक झाल्याचे दिसले. म्हणजेच काही रुग्णांत दाह आधीपासूनच असावा व त्याच्याच लक्षणांमुळे मलपरीक्षण झाले असावे. संसर्गामुळे दाह होतो, की दाहाकडे प्रथम संसर्ग म्हणून पाहिले जाते, हा भेद वैद्याने सतत ध्यानी ठेवला पाहिजे.

निदानातील सावधगिरी

जंतुजन्य अतिसार बहुधा एक-दोन आठवड्यांत शमतो. चार आठवड्यांहून अधिक टिकणारा अतिसार, रक्तमिश्रित मल, झोपेतून उठवणारा मलवेग, वजन घटणे, पांडुता, भगंदर यांपैकी काही आढळल्यास केवळ कल्प बदलत राहू नये. मलपरीक्षण व कल्चर, हिमोग्लोबिन, मलातील कॅलप्रोटेक्टिन आणि आवश्यकतेनुसार कोलोनोस्कोपी व बायोप्सी करून घ्यावी. कॅलप्रोटेक्टिन जंतुसंसर्गातही वाढते. त्यामुळे केवळ त्यावरून निर्णय करू नये.

आपल्या देशात आंत्रक्षयाचा विचार अनिवार्य आहे. क्रोन्स व क्षय हे दोन्ही लघ्वंत्र-बृहदंत्राच्या संधिस्थानी आढळतात व लक्षणेही सारखीच असतात. क्षय असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिल्यास क्षय बळावतो. क्रोन्स असताना क्षयाची औषधे चालू राहिल्यास काळ वाया जाऊन आतडे अरुंद होऊ शकते.

आंत्रदाहाच्या जुन्या रुग्णाचे जुलाब अचानक वाढले, तर मूळ विकारच बळावला असे गृहीत धरू नये. विशेषतः प्रतिजैविकांच्या वापरानंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा संसर्ग तपासावा.

औषधविक्रेत्यांचे दायित्व

आमातिसारात आरंभीच स्तंभन करू नये, ही शास्त्राज्ञा सर्वज्ञात आहे. मलात रक्त व अंगात ज्वर असताना लोपेरामाइड देऊ नये, ही आधुनिक सूचनाही तिच्याशी जुळणारी आहे. रुग्ण अनेकदा वैद्याच्या आधी दुकानाची पायरी चढतो. कुटजघनवटी वा प्रतिजैविक वारंवार मागणाऱ्या ग्राहकास “किती दिवसांपासून त्रास आहे? मलातून रक्त जाते का?” एवढे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर चिंताजनक असल्यास त्यास वैद्याकडे पाठवावे.

दीपन, पाचन, तक्रकल्पना यांची उपयुक्तता आपण जाणतो. परंतु निदान निश्चित झाल्यावरच त्यांचे स्थान ठरते. रुग्ण आधीपासून घेत असलेली आंत्रदाहाची औषधे परस्पर बंद न करता, तज्ज्ञांशी विचारविनिमय करून चिकित्सा आखणे, यातच रुग्णाचे हित आहे.