ईदच्या दिवशी मूल कुणाच्या घरी?

कोल्हार नावाची दोन गावे आहेत. प्रवरेच्या एका तीरावर राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक आणि दुसऱ्या तीरावर राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द. मध्ये नगर-मनमाड रस्त्यावरचा पूल. रमजानच्या संध्याकाळी मगरिबची अजान झाली की दोन्ही तीरांवर रोजा सुटतो. नवरा-बायको विभक्त झाले की लेकराच्या वाट्यालाही अशीच दोन गावे येतात. एका तीरावर आई, दुसऱ्या तीरावर बाप. पूल शाबूत असतो, पण त्यावरून लेकराने जायचे की नाही, हे मोठ्यांच्या रागावर ठरते.

ईद जवळ आली की हा प्रश्न अधिक बोचतो. दोन्ही घरांत नवे कपडे येतात आणि एका घरातले खुंटीवरच राहतात. हिंदू कुटुंबात दिवाळीच्या फराळाच्या डब्याचे तेच होते. धर्म कोणताही असो, सणाच्या दिवशी दाराकडे लागलेली लेकराची नजर सारखीच असते.

या बाबतीत इस्लामच्या प्रारंभीच्या काळातली एक घटना सांगितली जाते. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या हदीसग्रंथात ती नोंदलेली आहे. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या एका पत्नीला तलाक दिला होता. त्यांचा मुलगा आसिम आईच्या घरी वाढत होता. एकदा उमर कुबा येथे गेले असता मशिदीच्या अंगणात त्यांना आसिम खेळताना दिसला. त्यांनी त्याचा दंड धरला आणि आपल्या वाहनावर बसवले. तेवढ्यात मुलाची आजी आली व नातवासाठी भांडू लागली. प्रकरण पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्यापुढे गेले. त्यांनी उमर यांना सांगितले की, मुलाला तिच्याकडेच राहू द्या. ज्यांच्या दराऱ्याने भलेभले गप्प होत, ते उमर यावर एक शब्दही बोलले नाहीत. कैफियत एका म्हातारीची होती आणि समोर उमर यांच्यासारखा माणूस होता. तरीही निकाल तिच्या बाजूने लागला आणि उमर यांनी तो मानला.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकराच्या 233व्या आयतीत दूधपित्या बाळाच्या संदर्भात स्पष्ट ताकीद आहे. मुलाच्या निमित्ताने आईला छळू नये आणि बापालाही छळू नये. बाळाचे दूध सोडवायचे असेल तर तेही दोघांनी सल्लामसलत करून, एकमेकांच्या संमतीने ठरवावे. दूध सोडवण्यासारख्या लहान गोष्टीसाठी सल्लामसलत सांगितली असेल, तर लेकराची भेट एकट्याच्या मर्जीवर कशी सोडता येईल?

मुलाला सांभाळण्याच्या हक्काला शरियतमध्ये हिजानत म्हणतात. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हा हक्क आईकडे असतो. खर्चाची जबाबदारी मात्र बापाचीच. मूल ज्याच्याकडे असेल त्याने दुसऱ्याला भेटू न देणे फिकहच्या जाणकारांनी गैर ठरवले आहे.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. 1890 चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. त्यात न्यायालय सर्वांत आधी पाहते ते मुलाचे हित. सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच सांगितले की, मुले ही आईबापांच्या मालकीची वस्तू किंवा खेळणी नाहीत. ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठे झाले की तो बदलून मागता येतो. 2020 च्या एका निकालात याच न्यायालयाने म्हटले की, आई आणि बाप अशा दोघांच्याही मायेवर मुलाचा हक्क असतो. ताबा एकाकडे दिला तर दुसऱ्याला भेटीचा पुरेसा वेळ मिळावा आणि अंतर मोठे असेल तर फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलणे व्हावे. म्हणजे भेट हा आधी लेकराचा हक्क आहे, आईबापांचा त्यानंतर.

भेटीसाठीचा अर्ज मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते, त्या भागाच्या न्यायालयात करावा लागतो. महिन्यातून किती वेळा, किती तास, सुट्टीत किती दिवस, ईद किंवा दिवाळी कुणाकडे, हे सारे आदेशात लिहून घेता येते. जितके स्पष्ट लिहिले जाईल तितके दारातले भांडण कमी. महिला आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. घरात मारहाण झालेली असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. भेटीत मुलाला धोका दिसला तर ती नाकारूही शकतात. अशा घरातल्या आईला 'भेटू दे ना' म्हणून गळ घालणे हा अन्यायच ठरेल.

पण बहुतेक ठिकाणी धोका नसतो, अढी असते. बाप म्हणतो, भेटू देत नाही तर पोटगी कशाला? आई म्हणते, पोटगी देत नाही तर भेट कशाला? दोघांचाही हिशेब एकमेकांशी आणि वसुली लेकराकडून. खर्च हा मुलाचा हक्क आहे आणि भेट हाही मुलाचाच हक्क आहे. एकाच्या बदल्यात दुसरा अडवता येत नाही. नातेवाइकांनाही इथे काम आहे. ताबा न्यायालय ठरवील, पण मुलाच्या देखत त्याच्या बापाला किंवा आईला नावे ठेवायची नाहीत, हे मामा, काका आणि आजी आजच ठरवू शकतात. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही असतो.

ईदच्या नमाजपूर्वी फित्रा काढला जातो. लहान मूल आईकडे राहत असले तरी त्याचा फित्रा बापानेच काढायचा असतो. म्हणजे घर मोडले तरी त्या हिशेबातून लेकराचे नाव गळत नाही. ज्याचा फित्रा काढला, त्या लेकराला ईदच्या दिवशी छातीशी धरायलाही मिळावे. सकाळी एका घरचा शीरखुर्मा, दुपारनंतर दुसऱ्या घरचा. त्यासाठी मोठ्यांनी एकदाच मन मोठे करून लेकराला पुलापर्यंत सोडायला यायचे आहे.