संगणकाच्या पोटात – ७ : उपसलेलं उपकरण, उरलेला ड्रायव्हर

उपकरण जोडल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम त्याचा ड्रायव्हर कसा शोधते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज निरोपाकडे वळू, आणि तेही न सांगता घेतलेल्या. फाइल कॉपी होत असताना कुणी पेनड्राइव्ह उपसला, की ड्रायव्हरने काय करायचं?

रीतसर काढताना विंडोज ड्रायव्हरला आधी विचारते आणि ड्रायव्हर नकारही देऊ शकतो. अचानक उपसल्यावर मात्र फक्त सूचना येते, आणि ती नाकारता येत नाही. नवी कामं घेणं थांबवायचं आणि अर्धवट राहिलेली 'अपयशी' म्हणून परत करायची, एवढंच हाती असतं. पण उपकरण आधी जातं आणि सूचना मागून येते. मधल्या त्या काळात ड्रायव्हर नसलेल्या उपकरणाशी बोलत असतो.

यूएसबीवर निदान पाठवलेली विनंती एरर घेऊन परत येते. पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे थंडरबोल्टचा डबा किंवा सर्व्हरमधली चालू असताना बदलता येणारी एसएसडी यांच्या बाबतीत, धोका जास्त छुपा असतो. तिथे ड्रायव्हर उपकरणाचे रजिस्टर, म्हणजे त्याच्यातले छोटे नोंदकप्पे, थेट वाचतो. उपकरण नसेल तर साधारणपणे सगळे बिट १ असलेलं उत्तर मिळतं. ३२ बिटांच्या रजिस्टरसाठी ते होतं ४,२९,४९,६७,२९५. एरर नाही, एक धडधाकट दिसणारी संख्या!

'काम चालू आहे' हा बिट ० होण्याची वाट पाहणारा ड्रायव्हर मग कायमचा अडकतो, कारण तो बिट आता १ च राहणार. तीच संख्या कुणी यादीतला क्रमांक म्हणून वापरली, तर भलत्याच मेमरीवर घाला पडतो. म्हणून प्रत्येक प्रतीक्षेला मुदत हवी आणि सगळे बिट १ आले की संशय हवा. खात्रीसाठी उत्पादकाचा ओळखक्रमांक वाचता येतो. सगळे बिट १ असलेला क्रमांक कुठल्याच उत्पादकाला दिला जात नाही. वाचण्याआधी उपकरण आहे का, एवढंच तपासून भागत नाही. तपासणी आणि वाचन यांच्या मधेही ते जाऊ शकतं. मिळालेलं उत्तरच तपासावं लागतं.

दुसरा धोका मेमरीचा. वेबकॅम उपसला तरी व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रॅमने तो अजून उघडून ठेवलेला असतो. ड्रायव्हरने त्याच क्षणी आपली नोंद मेमरीतून पुसली आणि प्रोग्रॅमने पुन्हा चित्र मागितलं, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मोकळ्या केलेल्या मेमरीला हात घालतो. संगणक कोसळतो, किंवा घुसखोराला वाट मिळते. माणूस गेल्यावर त्याचं खातं त्याच दिवशी पुसत नाहीत. देणी-घेणी मिटली की बंद करतात. इथेही तोच नियम.

लिनक्सच्या सोर्समध्ये नवशिक्यांसाठी यूएसबी ड्रायव्हरचा एक नमुना आहे. उपकरण गेल्यावर तो आधी नाव काढून घेतो, म्हणजे नव्याने कुणी उघडू शकत नाही. मग कुलूप घेऊन 'उपकरण गेलं' अशी खूण करतो, चालू असलेल्या विनंत्या रद्द करतो आणि स्वतःचा हक्क सोडतो. नोंद किती जण वापरताहेत याची मोजणी चालूच असते. शेवटच्याने हात काढला की मगच मेमरी मोकळी होते. विंडोजही शेवटची 'काढून टाका' ही आज्ञा सगळी उघडी हँडल, म्हणजे प्रोग्रॅमनी उपकरणावर ठेवलेल्या पकडी, बंद झाल्यावरच देते.

याची चाचणी प्रत्यक्ष उपसूनच करावी. सॉफ्टवेअरमधून उपकरण 'काढलं' तर ते जागेवरच असतं आणि रजिस्टर खरी उत्तरं देत राहतात. मग सगळ्यात धोकादायक वाट तपासलीच जात नाही.

केबल निसटते, वीज जाते, लहान मूल पेनड्राइव्ह ओढतं. वापरणाऱ्याला यासाठी बोल लावणं अन्यायाचं आहे. त्याची अर्धवट फाइल ड्रायव्हर वाचवू शकणार नाही, पण बाकीचा संगणक चालू ठेवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे, आणि ती पहिल्या ओळीपासून लिहावी लागते.

पुढील आठवड्यात : 'कॉपी झाली' असं दिसूनही फाइल कधीकधी पेनड्राइव्हवर का नसते?