‘शिकवता न येणारी’ मुले आणि त्यांचे पालक

घंटा, हजेरी, वेळापत्रक यांचा तुम्हांला कधीकधी कंटाळा येत असेल. पण काही मुलांना याच गोष्टींचा फार मोठा आधार वाटतो, आणि तसा वर्ग मिळावा म्हणून त्यांच्या आईवडिलांना फार झगडावे लागले, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

ही मुले म्हणजे स्वमग्न मुले. १९४३ साली अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा संसर्गजन्य रोग नव्हे. मेंदूची वाढच थोडी निराळ्या रीतीने होते. काही मुले बोलत नाहीत, काही भरभरून बोलतात. पण समोरच्याच्या मनातले ओळखणे त्यांना अवघड जाते आणि ठरलेला क्रम मोडला की ती फार अस्वस्थ होतात. कुकरची शिट्टीही एखाद्याला असह्य होते.

पुढे कित्येक वर्षे काही तज्ज्ञ म्हणत, की आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले! मग शाळा मागायला गेलेल्या आईचे कोण ऐकणार? हे मत कसे तपासावे बरे? जुळ्या भावंडांची आई एकच असते. १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या गेल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. एकसारख्या दिसणाऱ्या, म्हणजे आनुवंशिक गुण समान असलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. बाकीच्या १० जोड्यांत मात्र एकाही जोडीत नाही. दोष मायेचा असता, तर दोन गटांत एवढा फरक पडला नसता.

इंग्लंडमधील पालक मात्र या पुराव्यासाठी थांबले नव्हते. तेथे ‘शिकवण्यास अयोग्य’ असा शेरा पडलेले मूल शिक्षणखात्याच्या कक्षेबाहेर जाई व आरोग्यखात्याकडे सोपवले जाई. १९६२ साली लंडनमध्ये पालकांनी संस्था काढली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. लोर्ना विंग त्यांत होत्या. त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. त्याच सुमारास सिबिल एल्गार या शिक्षिका आपल्या घराच्या तळघरात अशा मुलांना शिकवू लागल्या होत्या. पालकांनी पैसे जमवले आणि १९६५ मध्ये ईलिंग भागात शाळा उघडली. एल्गारबाई मुख्याध्यापिका झाल्या. मुले शिकतात हे तेथे डोळ्यांनी दिसू लागले. १९७० च्या कायद्याने तो शेराच रद्द केला आणि एप्रिल १९७१ पासून प्रत्येक मूल शिक्षणखात्याची जबाबदारी ठरले.

पण शिकवायचे कसे? मायकेल रटर आणि लॉरेन्स बार्टक यांनी तीन केंद्रांतील ५० मुलांची काही वर्षे पाहणी केली. एका केंद्रात मुलांना मोकळे सोडून त्यांच्या भावनांवर भर होता, दुसऱ्यात मिश्र पद्धत, तर तिसऱ्यात आखीव शिकवणे. १९७३ मध्ये निष्कर्ष आला : वाचन व गणितात आखीव वर्गातील मुले पुढे गेली.

असे का व्हावे? आपल्या वर्गात गुरुजी एका दमात सांगतात, “वह्या काढा, तारीख घाला, आणि मागच्या बाकावर गडबड नको.” तुम्ही त्यांतले हवे तेवढे उचलता. स्वमग्न मुलाला ही निवड जड जाते, आणि बोललेला शब्द तर हवेत विरून जातो. चित्र मात्र समोर टिकते. म्हणून आज अशा वर्गांत चित्रांचे वेळापत्रक भिंतीवर असते. एक काम संपले की ते चित्र मूल स्वतः काढून ठेवते. पुढे काय होणार हे कळले, की भीती कमी होते आणि मन शिकण्याकडे वळते. यात लाडही नाहीत आणि शिस्तीचा बडगाही नाही.

आपल्याकडे अपंगांसाठी १९९५ साली झालेल्या कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. पालक-संघटनांनी ही उणीव वारंवार दाखवून दिली. २०१६ च्या कायद्यात ते नाव आले. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी त्याच्या १७व्या कलमात आहेत. बोर्डाच्या परीक्षेत तुमच्या शेजारचा मुलगा तुमच्यानंतरही पेपर लिहीत बसलेला दिसला, तर ती वेळ त्याला बहुधा याच कलमाने मिळालेली असेल.