लाकूड कापायच्या मशीनची घरगुती अवजारे

कामगारांच्या सभा घेणारा माणूस आज अवजारांवर बोलतो आहे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हातावर पोट असणाऱ्याची मशीन बंद पडली की त्याची चूलही बंद पडते. म्हणून हा विषय माझाच आहे.

आपला मुलूख मोसंबीचा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील कितीतरी बागा वाळल्या आणि तोडाव्या लागल्या. अशा कामाला साखळीची करवत लागते. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली ती विजेवर चालविली आणि १९२९ साली पेट्रोलवर. आपल्याकडे मशीन बांधापर्यंत पोहोचली. तिच्या दुरुस्तीची खास अवजारे मात्र क्वचितच सोबत आली.

क्लच काढायचा म्हणजे आतला दट्ट्या जागी अडवावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका तरुण गड्याने त्यासाठी प्लगच्या भोकात पेचकस घातला. दट्ट्याला भोक पडले, मशीन पंधरा दिवस पडून राहिली आणि तितका रोज बुडाला. जाणता मिस्त्री तेथे सुताची मऊ दोरी वापरतो. दट्ट्या धूर जाण्याचे भोक झाकेपर्यंत वर आणावा, मग दोरी आत सारावी आणि तिचे टोक बाहेर ठेवावे. दट्ट्या दोरीवर टेकून थांबतो आणि त्याला ओरखडाही पडत नाही. बहुतेक मशीनींत क्लचचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविल्यावर सुटतो, हेही ध्यानात असावे.

दुसरे अवजार म्हणजे जाड कागदाचे कार्ड. ठिणगी देणारी कॉइल आणि चक्रावरचे चुंबक यांत साधारण ०.३ मिलिमीटर अंतर लागते. साधे व्हिजिटिंग कार्ड जवळपास तेवढ्याच जाडीचे असते. ते मध्ये ठेवून कॉइलचे स्क्रू सैल करावेत; चुंबक कॉइल ओढून घेते. मग स्क्रू आवळून, चक्र फिरवून कार्ड काढून घ्यावे.

तिसरे अवजार लाकडी फळीचे. तिला दांडा बसेल एवढी खाच पाडली की दट्ट्या तीवर सपाट बसतो आणि पिन काढताना दांडा वाकत नाही.

या तिन्हींत एकच सूत्र आहे. दोरी, कागद, लाकूड, सारे यंत्राच्या धातूपेक्षा मऊ. चूक झाली तर अवजार खराब व्हावे, यंत्र नव्हे. ज्याला हे उमगले, तो चौथे अवजार स्वतः शोधील.

परंतु एका जागी घरगुती उपाय चालणार नाही. पात्याचे टोक लाकडाला लागून मशीन उसळी मारते, तेव्हा साखळी क्षणार्धात थांबविणारा ब्रेक असतो. तो बिघडला की काही जण तारेने बांधून ठेवतात. काम घाईचे असते, मालक तगादा लावतो, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या दिवशी मशीन सुरू करू नये, आणि काम देणाऱ्याने त्या दिवसाचा रोज कापू नये. कारण तेथे दोरीहूनही मऊ असा माणसाचा देह आडवा येतो; आणि तो खराब झाल्यावर दुसरा आणता येत नाही.