गोळी लागू पडेल का, रक्त सांगेल?

आजचा भाग झाशी जिल्ह्यातल्या एरचहून, बेतवेच्या काठावरून. माझ्या पलटणीतले एक सुभेदार इथे राहतात. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम सुरू होती, सहा आठवड्यांत फरक नाही. त्यांनी मला विचारलं, "साहेब, मलेरियासारखी याची रक्ततपासणी का नाही?"

प्रश्न रास्त आहे. मलेरियात जंतू दिसतो. नैराश्यात असा एक गुन्हेगार सापडत नाही. अमेरिकेतल्या 'स्टार-डी' अभ्यासात सुमारे ४००० रुग्ण होते. २००६ साली निकाल आले: पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोकांचीच लक्षणं जवळजवळ गेली. म्हणजे सुभेदार मनाने कच्चे नाहीत, ते बहुसंख्येत आहेत.

मग शरीरात काही खूण? एक आहे सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारं प्रथिन. २०१४ च्या एका युरोपीय अभ्यासात ते लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेल्यांना एस्सिटालोप्राम जास्त लागू पडली, जास्त असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन. पण सीआरपी सुजलेल्या हिरडीनेही वाढतं! त्यामुळे डॉक्टर अजून त्यावर औषध ठरवत नाहीत.

दुसरी खूण यकृतातली. सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम ही गोळी मोडतं. काहींचं मंद असतं, औषध साचतं, त्रास होतो. काहींचं फार चपळ, औषध रक्तात टिकतच नाही. मंदवाले आपल्याकडे युरोपपेक्षा जास्त. सुभेदारांना कोणीतरी महागडी जनुक तपासणी सुचवली होती, "नेमकी गोळी कळेल" म्हणून. तसं नसतं. ती तपासणी डोस ठरवायला मदत करते. मन उभारी घेईल का, ते सांगत नाही. शिधा पोहोचला एवढंच कळतं, लढाईचं नाही.

सगळ्यात स्वस्त खूण मात्र घरातच दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, बोलणं यांत जरासाही फरक नसेल, तर त्याच डोसवर पुढे पूर्ण बरं होण्याची शक्यता कमी. शून्य नव्हे. म्हणून गोळी स्वतः बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. थायरॉइडही तपासून घ्यायचं. जीव नकोसा वाटला तर १४४१६, टेली-मानस, रात्री-अपरात्रीही.

सुभेदारांचं औषध डॉक्टरांनी बदललं, त्याला आज अकरा दिवस झाले. वहिनी रोज वहीत लिहितात. कालची नोंद: दोन पोळ्या खाल्ल्या, पहाटे चारऐवजी साडेपाचला जाग.