स्नायूची बायोप्सी ‘नॉर्मल’ आली, म्हणजे आजार नाही का?

‘दंगल’मधली छोटी बबिता, सुहानी भटनागर, फेब्रुवारी २०२४ मध्ये अवघ्या १९व्या वर्षी गेली आणि डर्माटोमायोसायटिस हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेवर आणि स्नायूंवर उलटते, असा हा आजार. जिना चढताना, केस विंचरताना ताकद कमी पडते, रक्तात सीपीके वाढतं. मग डॉक्टर अनेकदा मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूचा तुकडा तपासायला सांगतात.

समजा, नागपूरच्या नंदनवनमधल्या एखाद्या रुग्णाचा रिपोर्ट नॉर्मल आला. सुटलो म्हणायचं का? नाही. स्नायूतली सूज सगळीकडे सारखी नसते, तुकडा नेमका निरोगी भागातला असू शकतो. म्हणून शक्य असेल तर आधी एमआरआय करून जागा ठरवतात. ईएमजीची सुई नुकतीच टोचलेली जागा टाळतात, कारण सुईची इजाही आजारासारखी दिसते. स्टेरॉइड आधीच सुरू असेल तर सूज ओसरलेलीही असू शकते.

तुकडा नेताना काय बिघडतं?

सगळा तुकडा नेहमीसारखा फॉर्मलिनमध्ये टाकला, तर महत्त्वाच्या रंगचाचण्या होतच नाहीत. तो सलाइनने जेमतेम ओलसर केलेल्या गॉजमध्ये, बर्फाच्या डब्यातून लगेच पोहोचवावा लागतो. तिथे तो झटक्यात गोठवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या नागपुरात हा डबा स्कूटरच्या डिकीत विसरून चालत नाही.

मायक्रोस्कोपखाली काय दिसतं?

डर्माटोमायोसायटिसमध्ये तंतूंच्या जुडग्याच्या कडेचे तंतू बारीक झालेले दिसतात. नेक्रोटायझिंग प्रकारात तंतू मेलेले असतात, पण सूज नाममात्र. यातल्या काही रुग्णांनी कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेतलेलं असतं. पन्नाशीनंतर होणाऱ्या इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसमध्ये सूज भरपूर असते, शिवाय तंतूंमध्ये कडा असलेल्या पोकळ्या असतात. त्या नजरेतून सुटल्या की रिपोर्टवर ‘पॉलिमायोसायटिस’ लिहिलं जातं. मग महिनोन्महिने स्टेरॉइड. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, ताकद मात्र परतत नाही. डिस्फर्लिनच्या दोषामुळे होणाऱ्या आनुवंशिक आजारातही अशीच सूज दिसते आणि तिथेही स्टेरॉइड उपयोगी पडत नाही.

त्यामुळे पॅथॉलॉजिस्टला तुकड्याइतकीच रुग्णाची माहिती लागते: वय, पुरळ, चालू औषधं, घरात कोणाला असा त्रास. फॉर्मवर नुसतं ‘अशक्तपणा’ लिहून भागत नाही. आणि डर्माटोमायोसायटिसचं ठरावीक पुरळ असेल, तर २०१७च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार रुग्णाला बायोप्सीशिवायही या गटात धरता येतं.