भंडाऱ्याच्या उन्हात ओव्हरक्लॉकिंग

प्रोसेसर आणि रॅम कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरतो. एक आकडा मदरबोर्डवरच्या मूळ घड्याळाचा, दुसरा प्रोसेसरच्या गुणकाचा. इंटेलच्या २००७ सालच्या कोअर २ क्वाड क्यू६६०० मध्ये २६६ मेगाहर्ट्झ गुणिले ९ असे २.४ गिगाहर्ट्झ होतात. बायोसमध्ये २६६ चे ३३३ केले की तीच चिप ३ गिगाहर्ट्झवर धावते.

कंपनी हा वेग आधीच का देत नाही? चिपा तयार झाल्यावर त्यांची प्रतवारी होते आणि प्रत्येकीवर असा वेग छापला जातो, जो वाईट परिस्थितीतही टिकेल. शिवाय स्वस्त चिपांना मागणी जास्त असते, तेव्हा चांगल्या चिपाही स्वस्ताचा शिक्का घेऊन बाजारात येतात. १९९८ सालची सेलेरॉन ३००ए याच कारणाने गाजली. ६६ मेगाहर्ट्झचे घड्याळ १०० वर नेताच ही ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर चाले, आणि तेवढ्या वेगाच्या पेंटियम २ साठी त्या काळी कितीतरी जास्त पैसे मोजावे लागत.

२०११ मध्ये इंटेलने ही वाट अरुंद केली. सँडी ब्रिज पिढीत १०० मेगाहर्ट्झचे मूळ घड्याळ बाकीच्या यंत्रणेशीही जोडले गेले, त्यामुळे ते चार-पाच टक्क्यांपलीकडे सरकवले की हार्ड डिस्कपासून सगळेच अडखळू लागते. खरी मोकळीक उरली ती आय५-२५००के सारख्या, नावात ‘के’ असलेल्या चिपांत, आणि तीही पी६७ किंवा झेड६८ चिपसेटच्या बोर्डवर. आपल्याकडे असेंबल्ड संगणकांत जास्त खपलेल्या एच६१ बोर्डवर गुणक वाढवता येत नाही. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात, पण त्यांच्या बायोसमध्ये वेग बदलण्याचा विभागच सहसा नसतो. म्हणून पेचकस हातात घेण्यापूर्वी बोर्डाचा चिपसेट पाहावा. बहुतेक जणांचा प्रयोग तिथेच संपतो.

वेग वाढवला की एका टप्प्यावर संगणक हँग होतो. मग प्रोसेसरला थोडा जास्त व्होल्टेज द्यावा लागतो आणि उष्णतेचा प्रश्न इथून सुरू होतो. चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.३ गिगाहर्ट्झची चिप ४.२ वर नेताना व्होल्टेज १.२ चा १.३५ केला, तर वेग २७ टक्क्यांनी वाढतो आणि वीज व उष्णता सुमारे ६० टक्क्यांनी. हा सौदा थंड खोलीत परवडतो.

भंडारा जिल्ह्यात खोली थंड नसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नवतप्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत दुपारी ४० अंश ही नवलाची गोष्ट नाही. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त दोन्हींतला फरक आवरून धरतात. हा फरक ४५ अंशांचा असेल, तर डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ वर राहतो आणि मे महिन्यात तोच ८५ वर जातो. शंभरीच्या जवळ पोचल्यावर इंटेलच्या बऱ्याच चिपा स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे वाढवलेला वेग ऐन दुपारी परत जातो. नुकसान प्रोसेसरपेक्षा आधी मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांचे होते. द्रवाच्या कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे, आणि बारा-पंधरा वर्षांच्या बोर्डावर ते आधीच थकलेले असतात. एकाचेही डोके फुगलेले दिसले तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडावा.

डेझर्ट कूलरने खोली खरोखर थंड होते, पण कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नये. ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांना चिकटून बसते. तुमसर, मोहाडी भागात राइस मिलच्या आसपास तर कोंड्याची बारीक भुकटी वर्षभर उडत असते. नुसती सफाई करून प्रोसेसरची वाळलेली पेस्ट बदलली, तरी जुन्या डेस्कटॉपचे तापमान चांगलेच उतरते. हे काम ओव्हरक्लॉकिंग करणाराने आधी करायचे आणि न करणारानेही करायचे.

रॅमची गोष्ट थोडी वेगळी आहे. कोअर २ च्या काळात रॅमचा वेग मूळ घड्याळाला बांधलेला असे. एकास एक प्रमाण ठेवले तर ३३३ च्या घड्याळावर रॅम ६६७ वर चालते, म्हणून डीडीआर२-८०० ची पट्टी असल्यास घड्याळ ४०० होईपर्यंत रॅमवर काहीच ताण येत नाही. डीडीआर३ च्या पिढीत रॅमचे प्रमाण वेगळे निवडता येते, आणि महागड्या पट्ट्यांत एक्सएमपी नावाचा तयार संचही असतो. मात्र मेगाहर्ट्झचा आकडा एकटा पाहून चालत नाही; पहिल्या प्रतिसादाला घड्याळाचे किती ठोके लागतात हे सांगणारा सीएलचा आकडाही पाहावा लागतो. १३३३ ची सीएल९ पट्टी पहिला प्रतिसाद १३.५ नॅनोसेकंदांत देते, तर १६०० ची सीएल११ पट्टी १३.७५ नॅनोसेकंदांत. मोठा आकडा इथे किंचित मागे पडतो. १३३३ वरून १६०० वर जाण्याने माहितीचा प्रवाह फार तर २० टक्क्यांनी वाढतो. एका पट्टीच्या जोडीला तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली, तर तो कागदोपत्री दुप्पट होतो. या दुसऱ्या पट्टीला ना जास्त व्होल्टेज लागतो, ना धाडस.

रॅमच्या चुका फसव्या असतात. प्रोसेसर चुकला तर संगणक बहुधा बंद पडतो. रॅम चुकली तर फोटो किंवा हिशेबाची फाइल गुपचूप बिघडते आणि ते महिन्यांनी कळते. म्हणून आधी सगळ्या माहितीची प्रत बाहेर काढावी, एका वेळी एकच आकडा थोडा बदलावा, प्रोसेसरसाठी प्राइम९५ आणि रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. एकही चूक दिसली तर मागे यावे. संगणक सुरूच झाला नाही, तर विजेची वायर काढून बोर्डवरचा बटण सेल काही मिनिटे बाजूला ठेवल्याने बायोस मूळ आकड्यांवर येतो.

विजेचाही हिशेब आहे. गावाकडे दाब कमी झाला की एसएमपीएस तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढतो, आणि स्टिकरवर ४५० वॉट लिहिलेले स्वस्त एसएमपीएस तेवढे देतीलच असे नाही. सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. ६० वॉट जास्त ओढणारा संगणक रोज पाच तास चालला, तर महावितरणच्या बिलात महिन्याला ९ युनिटे वाढतात.

एवढे करून टायपिंग, सातबारा उतारा, ऑनलाइन अर्ज या कामांत फरक जवळजवळ जाणवत नाही. तिथे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकणे कधीही सरस. व्हिडिओ एडिटिंग आणि गेम यांत वाढीव वेग कामी येतो, पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे उभी राहिलेली अडचण त्याने सुटत नाही. तरीही प्रयोग करायचाच असेल तर तो दिवाळीनंतर करावा, मे महिन्यातले जादा वीस अंश आधीच हिशेबात धरावेत आणि होळी झाली की मूळ वेगावर परत यावे. असेंबल्ड संगणकांच्या बऱ्याच बोर्डांवर आकड्यांचे असे दोन-तीन संच बायोसमध्ये साठवता येतात; ही सोय नसेल तर आकडे वहीत लिहून ठेवावेत.